थोरल्याचा अंगठा

कापणीला नऊ दिवस उरले होते आणि पट्टे उरले होते तीन. मुकादमाच्या टोळीचे एकशे चाळीस विळे भिंतीशी ढीग करून पडले होते. त्यांतले जेमतेम तीस झाले होते, आणि लोहाराच्या त्या घरात सकाळपासून कुणी कुणाशी सरळ बोललं नव्हतं.

धार लावायचं यंत्र धाकट्याने घरीच बनवलेलं होतं. मोटर वहिनीच्या माहेरच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतली, सांगाडा जुन्या लोखंडी खाटेचा, चाकं लाकडाची. खालचं चाक मोटरवर, वरचं एका दांडीवर, आणि दोन्हींवरून फिरणारा चार बोटं रुंदीचा खरखरीत पट्टा. दांडीच्या शेपटाला लांब बोल्ट होता. पान्याने तो आवळला की वरचं चाक वर सरकायचं आणि पट्टा ताठ व्हायचा. सैल राहिला तर विळा टेकवताच पट्टा जागच्या जागी थांबायचा, नाहीतर चाकावरून उतरून पायाशी यायचा. फार आवळला तर बेअरिंग तापायची, मोटर कण्हायला लागायची आणि पट्टा जिथे चिकटवलेला असतो तिथेच उकलायचा. बरोबर ताण या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. तो ओळखायची रीत साधी होती. यंत्र बंद असताना पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबायचं, अंगठा नखभर आत गेला की थांबायचं.

अंगठ्याचं नाव निघालं आणि सगळा घोळ तिथे झाला. त्या भट्टीचा एक नेम होता. घरातल्या थोरल्याचा अंगठा लागल्याशिवाय कुठलं अवजार हातात घ्यायचं नाही आणि कुठलं काम दाराबाहेर जायचं नाही. बापाने तो तीस वर्षं पाळला होता. धारेवरून आडवा अंगठा फिरवून तो सांगायचा, ही चालेल, ही परत भट्टीत घाल. मरताना त्याने ऐरण दोघांना दिली आणि अंगठ्याचा मान एकट्या थोरल्याला. गिऱ्हाईकंही विळा उचलायच्या आधी विचारायची, मिस्त्रीने अंगठा लावलाय ना? मग नवं यंत्र आलं तेव्हा पट्ट्याचा ताणही थोरल्यानेच बघायचा हे ओघानेच आलं. त्यात कुणाला काही खटकलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी थोरल्याने पट्ट्यावर अंगठा टेकवला, दाबला आणि भुवया आवळल्या.

"सैल आहे."

"दादा, बरोबर आहे. मी आत्ताच बघितलंय," धाकटा म्हणाला.

"तू बघितलंस. मग मी काय इथे माश्या मारायला बसलोय?"

त्याने बोल्टला दोन फेरे दिले. पुन्हा अंगठा लावला. पुन्हा एक फेरा. वरचं चाक करकरलं. धाकट्याने ओठ दाबून धरले, खटका दाबला आणि विळा घेऊन पुढे वाकला. मोटर घोगऱ्या आवाजात सुरू झाली. ठिणग्यांचा पहिला झोत खाली पडला, दुसरा पडला, आणि पट्टा तुटला.

तुटलेल्या पट्ट्याचं टोक धाकट्याच्या गालावरून कानापर्यंत गेलं. तो मागे कोसळला तो विळ्यांच्या ढिगावरच. उठला तेव्हा गालाची कातडी कानाखाली लोंबत होती आणि गळ्यावरून रक्त सदऱ्यात उतरत होतं.

"पुढे वाकून उभं राहायला कुणी सांगितलं होतं?" थोरला म्हणाला.

"तू पट्टा तोडलास."

"चिकटवलाच कच्चा असेल. दुकानदाराला जाऊन विचार."

"तुला माझं यंत्र मोडायचंय. सरळ सांग ना. मी केलेलं चालतंय हे तुला बघवत नाही."

थोरल्याने त्याच्या दुखऱ्या गालावरच ठेवून दिली. हात लोहाराचा होता. धाकटा भिंतीला आपटला आणि तिथेच खाली बसला. आई दारात बसून पलीकडच्या भिंतीकडे बघत होती. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण कानांनी सगळं दिसायचं.

"लागली का?" तिने विचारलं.

"लागली," धाकटा म्हणाला.

"थोरल्याच्या तोंडी लागू नये. तुझ्या बापाने मला याच जागेवर दोनदा पाडलं होतं," ती म्हणाली, जणू हे घराचं भूषणच असावं.

वहिनीने पाणी आणलं, चिंधी जाळून तिची राख गालात भरली. धाकटा दात खात होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिला एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलली असती तर भांडण तिथेच संपलं असतं. ती बोलली नाही.

ते वाक्य असं होतं की थोरल्याच्या उजव्या अंगठ्याला काही कळत नाही. पट्टा कितीही ताठ असला तरी त्याला तो सैलच वाटायचा.

तिला हे दोन महिन्यांपूर्वी समजलं होतं. थोरला भट्टीपाशी उभा राहून तिच्याशी बोलत होता. ऐरणीवर टेकलेल्या सळईवर त्याचा अंगठा होता आणि सळई अजून निवायची होती. वास आधी तिला आला. तिनेच त्याचा हात ओढला. अंगठ्याचं पेर पांढरं पडून फुगलं होतं आणि तो त्याच्याकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसं बघत होता. पंचवीस वर्षं हातोडा मारून आधी मुंग्या आल्या होत्या, मग बधिरपणा, मग काहीच नाही. त्याने दार लावलं, तिचं मनगट पाठीमागे पिरगळलं आणि खांद्यातून कळ डोक्यात जाईपर्यंत वर नेलं.

"बाहेर बोललीस तर दुसराही हात असाच करीन."

"दवाखान्यात चला ना."

"दवाखान्यात गेलो की गावभर होईल. ज्याचा अंगठा मेला त्याला मिस्त्री कोण म्हणेल? मग मी या घरात भाता ओढायचा आणि धाकट्याने ऐरणीवर उभं राहायचं? मेलो तरी चालेल मला."

तेव्हापासून तिचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. जेवताना त्याच्या पाण्याच्या भांड्याला रक्ताचे डाग लागायचे. धार बघताना अंगठा कापलेला असायचा आणि त्याला पत्ता नसायचा. ती भांडं मुकाट्याने पुसायची. धाकट्याला वाटायचं भाऊ जळतो. आईला वाटायचं थोरल्यात बापाचा कडकपणा उतरलाय. भीती एकट्या तिलाच दिसायची, आणि तिला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, दोन्ही एकाच घासाला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने डोकं चालवलं. त्याने नवा पट्टा चढवला, आपल्या अंगठ्याने ताण बरोबर केला आणि बोल्टवर कानसीने एक बारीक खूण पाडली.

"दादा, आता दाबून बघायची गरजच नाही. नट या खुणेला आला की थांबायचं. आंधळ्यालाही जमेल."

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. उलट भांडण मिटवायचा मार्ग सापडला म्हणून तो खूश होता. गालाची पट्टी सांभाळत हसतही होता. थोरल्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"आंधळा कोण?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलंस? या भट्टीत खुणा बघून काम करायचे दिवस आले का? उद्या धारेलाही खूण करशील."

त्याने हातोडा उचलला आणि बोल्टवर घातला. खूण चेपली, बोल्टाचे आटेही चेपले. दुसरा घाव सांगाड्यावर पडला. तिसरा धाकट्याने अडवायला हात पुढे केला त्याच्या बोटांवर ओझरता बसला. करंगळीचं नख जागेवरच काळं पडलं.

मुकादम नेमका तेव्हाच आला. गाडी दारात लावून तो आत वाकला आणि दोघा भावांकडे बघून हसला. जाडजूड माणूस होता, हसताना पोट धरायचा.

"वा. मला वाटलं लोखंडाचा आवाज येतोय. इथे तर हाडांचं काम चाललंय."

"बसा मुकादम," थोरला हातोडा खाली ठेवत म्हणाला.

"बसायला वेळ कुठे आहे? विळे किती झाले?"

"तीस."

"नऊ दिवसांपैकी एक गेला, आणि तीसच?" मुकादमाने ढिगातला एक तयार विळा उचलला, धारेवरून आपला अंगठा फिरवला आणि थांबला. "हा कुणी पास केला?"

"मी."

"इथे मधे बोथट आहे मिस्त्री. बघा."

थोरल्याने विळा घेतला. अंगठा फिरवला. वहिनी आतल्या दारातून बघत होती. अंगठा धारेवरून गेला, पेरावर तांबडी रेघ उमटली, आणि थोरला विळ्याकडे न बघता मुकादमाच्या तोंडाकडे बघत होता.

"आहे खरा थोडा," तो म्हणाला. "राहिला असेल एखादा."

"अहो, तुम्हाला लागलंय," मुकादम म्हणाला. "रक्त येतंय."

"लोहाराला रक्ताचं काय."

"बोथट विळ्याने कापलं तुम्हाला, ही मात्र कमाल आहे." मुकादम पुन्हा हसला. मग धाकट्याकडे वळला. "यंत्र तुझं ना? मग तूच का बघत नाहीस सगळं? चार दिवसांनी येतो. शंभर झालेले दिसले नाहीत तर ढीग उचलून दुसरीकडे नेईन. माझी माणसं नखांनी पीक कापणार नाहीत."

तो गेल्यावर थोरल्याने तो विळा पायाखाली घेतला आणि मधोमध मोडला. मग दुसरा मोडला. तिसऱ्याला धाकटा आडवा आला तेव्हा त्याने धाकट्याच्या पोटात गुडघा घातला. धाकटा वाकून ओकला. सकाळचं सगळं बाहेर पडलं. थोरला वर उभा राहून बघत होता.

"तूच बघ सगळं," तो म्हणाला. "ऐकलंस ना, तूच बघ."

आईने दारातून विचारलं, "आता काय मोडलं?"

"काही नाही," वहिनी म्हणाली.

तिने मनाशी ठरवलं. गिरणीवाल्याची पोर होती ती. बाप आजारी असताना वर्षभर गिरणी तिनेच चालवली होती, तुटलेले पट्टे शिवले होते, घसरलेले चढवले होते, आणि ताण बघायला तिला अंगठाही लागायचा नाही, आवाजावरून कळायचा. धाकट्याने बोल्ट बदलून यंत्र उभं केलं, पट्टा चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने रिवाजाप्रमाणे अंगठा लावला, बोल्ट मनासारखा आवळला आणि न्याहारीला आत आला. धाकटा कोळसा आणायला गेला होता. वहिनी केरसुणी घेऊन भट्टीत गेली, पाना उचलला, तीन फेरे उलटे दिले, बोटाने पट्ट्याला टिचकी मारली, अर्धा फेरा पुन्हा आवळला आणि झाडायला लागली.

त्या दिवशी पट्टा असा चालला की धाकट्याने दोनदा थांबून यंत्राकडे बघितलं. तीस विळे झाले. दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं. पस्तीस झाले. थोरला हातोड्याने पाती सरळ करत होता, धाकटा धार लावत होता, आणि शेवटचा अंगठा थोरला फिरवत होता. त्यातही तिने तोड काढली होती. तयार विळे धुऊन पुसायच्या निमित्ताने ती सगळे आधी स्वतः बघायची आणि बोथट असेल तो गुपचूप धाकट्याच्या ढिगात परत टाकायची. थोरल्याच्या अंगठ्याखाली वाईट विळा येतच नव्हता.

"बघितलंस?" थोरला दुसऱ्या संध्याकाळी जेवताना म्हणाला. "ताण असा असतो. म्हणे सैल, म्हणे घट्ट. बापाने हा हात उगीच नाही निवडला."

"हो दादा," धाकटा म्हणाला. त्याला काही समजत नव्हतं, पण पट्टा तुटत नव्हता आणि मार बसत नव्हता. एवढ्यावर तो समाधानी होता.

थोरला हसला. कित्येक दिवसांनी हसला. बायकोला म्हणाला, "वाढ त्याला अजून, दमलाय तो." असंच कापणीपर्यंत निभलं तर, तिला वाटलं. एवढे दिवस निभलं तर मग दवाखान्याचं पुन्हा काढीन. माणूस सुखात असताना ऐकतो.

तिसऱ्या सकाळी थोरला तंबाखूची डबी भट्टीतच विसरला आणि अर्ध्या न्याहारीवरून उठून परत आला.

ती पाना लावून वाकलेली होती. तिसरा फेरा चालला होता. तिला चाहूल लागली तेव्हा तो दारात उभा होता आणि सगळं समजून चुकला होता. दोन दिवसांची सगळी बढाई त्याच्या चेहऱ्यावरून एका क्षणात ओघळून गेली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे पाठीमागचं दार लोटलं.

"किती दिवस?"

"दोन. आजचा तिसरा."

"म्हणजे मी बसून खेळत होतो. आणि तुम्ही दोघं मला खेळवत होता."

"त्याला नाही माहीत. शप्पथ. मी एकटीनेच केलं."

"मला हसलीस का गं? मी जेवताना बोलत होतो तेव्हा?"

"नाही हो. मला रडू येत होतं."

हे तिने बोलायला नको होतं. खिळ्याला तुटलेला पट्टा अडकवलेला होता. त्याने तो ओढून घेतला, दुहेरी केला आणि तिच्यावर उगारला. पहिला फटका तिने दंडावर घेतला. काचेच्या भुग्यासारखा तो पट्टा, लोखंड खाणारा, कातडीचं काय घेऊन बसलात. दंडाची साल बाहीसकट निघाली. दुसरा पाठीवर बसला, तिसरा मानेवर. ती ओरडत नव्हती, म्हणून तो आणखी जोरात मारत होता. "हस," तो म्हणत होता. "आता हस."

धाकटा कोळशाचं पोतं टाकून दार ढकलत आत आला. वहिनी भट्टीच्या कडेला गुडघ्यांवर होती आणि तिच्या पाठीवर कापड उरलं नव्हतं. धाकट्याला या घरात आजवर स्वतःचा मार पचलेला होता. हा पचला नाही. त्याने मागून थोरल्याच्या कमरेला मिठी घातली आणि दोघं यंत्रावर आदळले. थोरल्याने कोपराने त्याचं नाक फोडलं. धाकट्याने त्याच्या खांद्याला दात लावले आणि सोडले नाहीत. ऐरण हलली, पाण्याची कुंडी कलंडली, चिखलात दोघं एकदा खाली गेले आणि पुन्हा उठले. उठताना धाकट्याच्या हाती थोरल्याचं उजवं मनगट सापडलं. त्याने ते बगलेत आवळलं, कोपराने खटका दाबला आणि मोटर सुरू झाली.

पट्टा झणझणत फिरायला लागला. ताण अगदी बरोबर होता.

"वहिनीवर हात टाकतोस?" धाकट्याच्या तोंडात नाकाचं रक्त जात होतं. "हाच ना तो हात? हाच ना बापाने निवडलेला?" त्याने थोरल्याच्या मुठीतून अंगठा मोकळा केला आणि पट्ट्यावर टेकवला. "म्हण, चुकलो. सोडतो."

थोरला काही म्हणाला नाही.

पट्ट्यावर तांबडा पट्टा उमटला. बारीक लाल तुषार धाकट्याच्या हातावर उडाले. त्याला वाटलं थोरला हट्टाला पेटलाय. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असा हा माणूस. याला मान खाली घालायला लावायचीच, आज नाही तर कधीच नाही. त्याने आणखी दाबलं.

"चुकलो म्हण ना रे. नुसतं चुकलो म्हण."

थोरला हात ओढत नव्हता. दुप्पट ताकदीचा माणूस, हिसडा दिला असता तर धाकटा भिंतीला चिकटला असता. तो उभा होता आणि मान वळवून आपल्या अंगठ्याकडे बघत होता. नख गेलं. मांस गेलं. आवाज बदलला, ओलं घासल्याचा होता तो कोरडा झाला. जळल्या शिंगाचा वास सुटला.

वहिनी भिंतीला धरून उठली.

"सोड त्याला," ती ओरडली. "सोड, त्याला कळत नाहीये. त्याचा अंगठा मेलाय. दोन महिने झाले मेलाय, त्याला त्यात काही कळत नाही."

धाकट्याला शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही. तो तसाच दाबून उभा राहिला. तिने धावत जाऊन मोटरची वायर भिंतीतून उपटली. पट्टा सावकाश थांबत गेला. तेव्हा कुठे धाकट्याने मनगट सोडलं, खाली बघितलं, आणि पेराच्या जागी पांढरं हाड बघून तो मागे मागे सरकत कोळशात जाऊन बसला.

थोरला वहिनीकडे वळला.

"सांगितलंस," तो म्हणाला.

आणि त्याने त्याच हाताने तिच्या थोबाडीत मारली. मार लागला नाही. तिच्या गालावर नुसतं रक्त लागलं. त्याने पुन्हा हात उचलला, तो वर गेलाच नाही. तिने तो मधेच धरला, कुंडीपाशी नेला, उरलंसुरलं पाणी ओतलं आणि आपल्या फाटक्या बाहीची चिंधी त्याला आवळून बांधली. तोपर्यंत आई चाचपडत दारात आली होती.

"कुणाला लागलं?" तिने विचारलं.

"सगळ्यांना," वहिनी म्हणाली.

डॉक्टरने अंगठ्याचं वरचं पेर काढून टाकलं. मग मनगट उलटंपालटं करून बघितलं, टाचणीने बोटं टोचली, कुठे कळतं कुठे नाही ते विचारलं. म्हणाला, इथे मनगटात नस दबलीये. हातोडा मारणाऱ्यांना होतं हे. अर्ध्या तासाचं काम असतं, एवढासा काप देऊन नस मोकळी करतात. दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर अंगठा परत आला असता. दुसरी बोटं वाचतील अजून, पुढच्या आठवड्यात या.

थोरला ऐकत होता. वहिनी पाठ टेकता येत नव्हती म्हणून बाकावर पुढे वाकून बसली होती. दोन महिन्यांपूर्वी तिने जे म्हटलं होतं ते आता पुन्हा म्हणून काय उपयोग होता?

मुकादमाचं काम थांबवून चालणार नव्हतं. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा एकशे पाच विळे तयार होते. त्याने हातातोंडाच्या पट्ट्या बघितल्या आणि या वेळी हसला नाही. आईने दारातूनच विचारलं, "अंगठा लावला का रे कुणी त्यांना?"

वहिनी हातातला विळा पुसत राहिली.

"थोरल्याचा नसेल तर थोरलीचा लावा," आई म्हणाली. "नेम मोडायचा नाही. पोरी, ऊठ, तू लाव."

वहिनीने मुकादमासमोर एकेका विळ्यावरून अंगठा फिरवला. एकशे पाचांतले चार बाजूला काढले. मुकादमाने ते चारही पुन्हा तपासले, मान हलवली आणि उरलेले गाडीत भरायला सांगितले.

दुपारी धाकटा ओसरीवर आला. थोरला खांबाला टेकून बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. कालपासून दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. धाकट्याचं नाक सुजून डोळ्यांपर्यंत गेलं होतं. तो जरा अंतर ठेवून बसला. त्याने करंगळीचं काळं नख चाळवलं.

"मला माहीत नव्हतं दादा."

"माहीत आहे, तुला माहीत नव्हतं."

"मला वाटलं तू मुद्दाम पट्टे तोडतोयस."

"हं."

"पण तू हात का नाही ओढलास?" धाकट्याचा आवाज फुटला. "तुझ्यात माझ्या दुप्पट जोर आहे. कळत नसलं म्हणून काय झालं, दिसत तर होतं ना? समोर हाड दिसेपर्यंत उभा राहिलास. मला काय शिक्षा द्यायची होती का?"

थोरल्याने मान हलवली. तो गळ्यातल्या हाताकडे बघत होता.

"मी वाट बघत होतो," तो म्हणाला.

"कशाची?"

"म्हटलं, आता तरी दुखेल."

धाकटा सरकत त्याच्याजवळ गेला, पट्टी बांधलेलं ते मनगट त्याने दोन्ही हातांत धरलं आणि ढसाढसा रडला. थोरल्याने ते काढून घेतलं नाही.